पाटी वाचून कुणी मागे फिरू नये

माझी भाची मुंबईतल्या एका हॉटेलात सात वर्षं स्वागतकक्षावर होती. लग्न होऊन ती चिंचणीला आली, मुलगा शाळेत जायला लागला, आणि गेल्या पावसाळ्यात तिने ठरवलं की इथेच शिष्टाचाराचे वर्ग काढायचे. मुलाखतीला गेल्यावर कसं बसावं, फोनवर कसं बोलावं, पाहुणा आला तर काय करावं, काट्याचमच्याने कसं जेवावं, चार मोठ्या माणसांत मुलांनी कसं वावरावं. काय शिकवायचं ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. अडलं ते नावापाशी. एका सकाळी ती वहीचं पान घेऊन माझ्याकडे आली. पानावर २३ नावं होती.

आम्ही घरापुढच्या ओटल्यावर बसून एकेक नाव मोठ्याने वाचत होतो, तेवढ्यात नेहमीची मासळीवाली दारात आली. टोपली उतरवून ती बोंबील मोजायला लागली. कान मात्र आमच्याकडे. भाचीने वाचलं, ‘सुसंस्कार शिष्टाचार केंद्र’.

“हे कशाचं गं?” तिने विचारलं. भाचीने समजावून सांगितलं.

मोजता मोजता तिचा हात थांबला. “म्हणजे ज्यांच्या पोरांना संस्कार नाहीत, त्यांनी पाठवायची का पोरं?”

आम्ही दोघी गप्प. भाचीने पेन उचललं आणि ते नाव खोडलं.

तुम्ही असा वर्ग काढणार असाल, चिंचणीत, डहाणूत, तलासरीत किंवा आणखी कुठेही, तर हा प्रश्न लिहून समोर ठेवा. गणिताच्या क्लासला मूल घातलं म्हणून कुणाची मान खाली जात नाही. बीजगणित कुणालाच जन्मतः येत नसतं. पण वागणं शिकवायच्या वर्गात पाऊल टाकणं म्हणजे ‘आम्हाला वागता येत नाही’ असं गावासमोर कबूल करणं, असं लोकांना वाटतं. मुलाच्या वागण्याला नाव ठेवलं की ते थेट आईच्या पदरात पडतं. त्यामुळे इथे नाव सुंदर आहे की नाही हा प्रश्न दुसरा. पाटी वाचून आत येणाऱ्याचा मान राहतो का, हा पहिला. जो दुसऱ्याला अवघडल्यासारखं होऊ देत नाही त्याला आपण सभ्य म्हणतो. मग सभ्यपणा शिकवणाऱ्याच्या पाटीनेच समोरच्याला अवघडून टाकलं तर पुढचं शिकवणं कोण ऐकेल?

हा प्रश्न आपल्या डहाणू तालुक्यात पूर्वी एकदा सुटलेला आहे, आणि फार सुंदर सुटलेला आहे. १९४५ साली ताराबाई मोडक डहाणूच्या पुढे समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या. त्याआधी त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं, १९२६ साली त्यांच्याबरोबर नूतन बाल शिक्षण संघ उभा केला होता, मुंबईत दादरला शिशुविहार चालवला होता. बोर्डीच्या केंद्राचं कागदावरचं नाव होतं ‘ग्राम बाल शिक्षा केंद्र’. अनुताई वाघ या कामात त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. आज हे कागदावरचं नाव किती जणांना आठवतं? आठवतं ते ‘बालवाडी’. आपल्या किनाऱ्यावर वाडी म्हटलं की चिकूची, नारळाची वाडी डोळ्यासमोर येते, जिथे झाडांना पाणी घालतात, निगा राखतात. त्याच शब्दाला ‘बाल’ जोडला आणि काय चालतं ते अडाणी आजीलाही न सांगता कळलं.

पुढची गोष्ट आपल्या कामाच्या दृष्टीने आणखी महत्त्वाची. गावाच्या कडेच्या वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा बालवाडी उठून त्यांच्या अंगणात गेली. तिथे शिकवायचं काय, तर नखं कापणं, अंघोळ, केस विंचरणं, ओळीत बसणं, गाणी. म्हणजे शिष्टाचाराचेच पहिले धडे. पण नाव काय दिलं? ‘स्वच्छता संस्कार वर्ग’ नाही. ‘अंगणवाडी’. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा काढली, तिचं नाव ‘कुरणशाळा’. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. डहाणू तालुक्यातल्या कामातून निघालेला हा शब्द आज दुसऱ्या भाषा बोलणाऱ्या राज्यांतही सरकारी कागदांवर आहे.

बालवाडी, अंगणवाडी, कुरणशाळा. या नावांत मागास, सुधार, उद्धार असा एकही शब्द नाही. मुलाला काय येत नाही हे ती सांगत नाहीत. मूल कुठे आहे ते सांगतात, आणि शिकवणारी बाई तिथवर येईल असं सांगतात. माझं ठाम मत आहे की शिष्टाचाराच्या वर्गाला नाव देणाऱ्याने गुणांची यादी बाजूला ठेवावी आणि आधी या तीन नावांकडे नीट पाहावं.

कारण गुणवाचक शब्दांची गत मराठीत काय होते ते बघा. ‘शिष्टाचार’ हा शब्दच घ्या. अर्थ चोख आहे, कोशात मानाने बसलेला आहे. पण रोजच्या बोलण्यात ‘ती जरा शिष्टच आहे’ असं आपण कुणाबद्दल म्हणतो? जी कुणात मिसळत नाही, नाक वर करून चालते तिच्याबद्दल. त्यातून भ्रष्टाचाराशी यमक जुळतं आणि कोपऱ्यावरची पोरं ते पहिल्याच दिवशी जुळवतात. आठ वर्षांच्या मुलाला वाचताना दोन जागी अडखळायला होतं ते वेगळंच. खालच्या ओळीत माहिती म्हणून हा शब्द ठीक, मोठ्या अक्षरांत नको.

‘संस्कार’ची गोष्ट मासळीवालीने सांगितलीच. शिवाय महाराष्ट्रात ‘संस्कार वर्ग’ म्हटलं की उन्हाळ्याच्या सुट्टीतले श्लोक, पाढे आणि सूर्यनमस्कार असंच चित्र उभं राहतं. तसा वर्ग काढायचा असेल तर हे नाव अगदी योग्य, जरूर घ्या. पण तुम्ही मुलाखतीची तयारी आणि टेबलावरचं जेवण शिकवणार असाल तर रामरक्षेच्या अपेक्षेने आलेली आजी नाराज होईल, आणि शेजारच्या मोहल्ल्यातली मुलं, डहाणूतली पारशी-इराणी घरं, चर्चला जाणारी कुटुंबं येणारच नाहीत. आपल्या पट्ट्यात एकाच रांगेत वाडवळ, मांगेला, भंडारी, वारली, गुजराती, मुसलमान अशी घरं आहेत. सगळ्यांना एका खोलीत बसवायचं असेल तर सगळ्यांचा शब्द शोधावा लागतो.

‘सभ्यता’ म्हटलं की लगेच ‘असभ्य’ आठवतो. ‘सौजन्य’ शब्द गोड, पण वर्तमानपत्रातल्या फोटोखाली छापून छापून तो झिजला आहे, आणि जुन्या नाट्यरसिकांना वसंत सबनीसांचं ‘सौजन्याची ऐशी तैशी’ आठवल्याशिवाय राहणार नाही. विनय, नम्रता, संस्कृती ही माणसांची नावं आहेत. ‘विनय क्लासेस’ असं लिहिलंत तर लोक आत येऊन विनय सर कुठे आहेत असं विचारतील.

‘वळण’ मला स्वतःला फार आवडतो. अक्षराला वळण असतं, वागण्याला असतं, रस्त्यालाही असतं. हस्ताक्षराच्या वर्गाला याहून चांगलं नाव मिळणार नाही. पण आपल्याकडे ‘वळण लावणे’ हे पिढ्यानपिढ्या मुलींच्या बाबतीत बोललं गेलंय, तेही बहुधा दटावणीच्या सुरात. वीस वर्षांची मुलगी ही पाटी वाचून आत येईल असं मला वाटत नाही. तिच्या आईने पाठवली तर तोंड पाडून येईल.

भाचीचं सर्वांत लाडकं नाव होतं ‘अहोजाहो’. ऐकायला गोड, अस्सल मराठी, लक्षात राहणारं. मीही अर्धा दिवस त्याच्या प्रेमात होते. मग आठवलं, आपल्या भागातल्या कित्येक घरांत नातवंडं आजोबांना ‘तू’ म्हणतात. त्यात तिळभर अनादर नसतो. त्यांच्या बोलीत आदर शब्दाच्या रूपात नसून सुरात असतो, उठून जागा देण्यात असतो, आधी त्यांच्या पानात वाढण्यात असतो. प्रमाण मराठीत नोकरीच्या ठिकाणी ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ वापरावं लागतं, ते अवश्य शिकवा. पण पाटीवर ‘अहोजाहो’ लिहिलं की आजोबांना ‘तू’ म्हणणारं अख्खं घर एका फटक्यात उद्धट ठरतं. तेही नाव खोडलं. खोडताना भाचीला वाईट वाटलं, मलाही.

‘या, बसा’ असंही एक नाव यादीत होतं. दारात आलेल्या माणसाला आपण पहिले म्हणतो ते हेच दोन शब्द, त्यामुळे कल्पना मनापासूनची होती. पण हल्ली तरुण मुलांत ‘बसणं’ म्हणजे काय ते भाचीच्या नवऱ्यानेच सांगितलं. ‘संध्याकाळी बसू या का’ याचा अर्थ चहाला नक्कीच नाही. नाव ठरवताना घरातल्या सर्वांत तरुण माणसाचं ऐकावं ते यासाठी. शब्दांना नवे अर्थ चिकटतात आणि आपल्याला ते सर्वांत शेवटी कळतात.

आता इंग्रजी नावं. यादीत ‘एलिट’ होतं, ‘रॉयल’ होतं, ‘फिनिशिंग स्कूल’ होतं. इंग्रजी नाव वाईटच असं मी म्हणत नाही. ‘जरा मॅनर्स शिक’ हे आपल्या घराघरात बोललं जातं आणि मोबाइलवर शोधणारी आई ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ किंवा ‘स्पोकन इंग्लिश’ असंच शोधते. ते शब्द पाटीच्या दुसऱ्या ओळीत असावेतच. पण ‘एलिट’ म्हणजे निवडक वरचे लोक. बोईसरला कारखान्यात मुलाखतीला जाणाऱ्या, घरी दागिन्यांचे डाय बनवणाऱ्या आई-वडिलांच्या मुलाला हा शब्द बाहेरच उभा करतो. ‘फिनिशिंग स्कूल’ हा प्रकार युरोपातल्या श्रीमंत घरच्या मुलींसाठी निघाला. आपल्याकडे ‘फिनिश’ म्हणजे संपलं. ज्याला सुरुवात करायची आहे त्याला हे कशाला ऐकवायचं?

स्वतःचं नाव द्यावं का, असं पुष्कळजण विचारतात. अमेरिकेत एमिली पोस्ट यांनी १९२२ साली शिष्टाचारावर पुस्तक लिहिलं आणि पुढे त्यांचं नाव हाच त्या विषयाचा दुसरा शब्द झाला, त्यांच्या नावाची संस्था आजही चालते. आपल्याकडेही ‘अमुक सरांचा क्लास’ ही जुनी आणि विश्वासाची रीत आहे. पण आपल्या गावात आडनाव ऐकलं की जात कळते, हे कुणी नाकारू नये. शिकवण्याचा विषय जेव्हा वागणं असतो तेव्हा पाटीवरचं आडनाव ‘आमच्यासारखं वागा’ असं सांगायला लागतं. नाव द्यायचंच असेल तर पहिलं नाव द्या आणि पुढे ताई किंवा सर लावा. आडनाव पावतीवर असू द्या.

चिंचणीत राहायचं तर गुजराती कानाचाही विचार हवा. शब्द दोन्ही भाषांत चालतो का, आणि चालला तर अर्थ तोच राहतो का, हे तपासून घ्या. हिंदीतून उचललेला ‘शिष्टाचार शिक्षा केंद्र’ हा शब्दप्रयोग मी एका फलकाच्या नमुन्यावर पाहिला आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत आणि गुजरातीतही रोजच्या बोलण्यात शिक्षा म्हणजे दंड. पोराला तिथे पाठवायची धमकीच देता येईल. ‘विवेक’ म्हटलं की मराठी माणसाला सारासार विचार आठवतो, गुजराती माणसाला मात्र अदबीने बोलणं-वागणं. म्हणजे गुजरातीत तो शब्द आपल्या विषयाच्या अधिक जवळचा. ‘रीतभात’ आणि ‘रीतसर’ हे दोन शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखेच चालतात. ‘रीतसर’ हे नाव मला आजही चांगलं वाटतं, विशेषतः नोकरीच्या तयारीचा वर्ग असेल तर. अर्जात, पत्रात, बोलण्यात जे योग्य रीतीने व्हावं ते रीतसर. त्यात कुणाला टोचणी नाही.

परक्या नावाला आपल्या जिभेवर बसवायची इथली हौस फार जुनी आहे. १९५५ साली चिंचणीत काही ताम्रपट सापडले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६ चा. त्यात संजाण मंडलाच्या अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. त्याचं नाव मुहम्मद. संस्कृत लिहिणाऱ्याने ते ‘मधुमती’ असं लिहिलं. त्या ‘मधुमती’ने दोन प्रवाहांवर फुकट होडी चालवली आणि एक अन्नछत्र घातलं, जिथे येणाऱ्याला साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. अकराशे वर्षांपूर्वीच्या या मजकुरातून मला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. नाव कितीही दूरचं असलं तरी लोक ते आपल्या तोंडाला बसेल असं करून घेतात, तेव्हा आपणच आधी करून दिलेलं बरं. आणि त्या अधिकाऱ्याची ओळख नावाच्या जोडीने त्याने वाढलेल्या ताटाने राहिली.

ताटावरून आठवलं. ‘पंगत’ हे नाव यादीत चौदावं होतं. जेवणाचा शिष्टाचार आपल्याला इंग्रजांनी शिकवला असं मानणाऱ्यांनी एकदा आपलं ताट नीट बघावं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाज्या, आमटी उजवीकडे. भात समोर. जे थोडं खायचं ते डावीकडे, जे पुन्हा पुन्हा लागतं ते उजव्या हाताशी. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, आणि शेजारच्याचं संपल्याशिवाय उठायचं नाही. काट्याचमच्याचा धडा याच ताटावरून सुरू केला तर मुलाला तो परका वाटत नाही. भाचीने तसाच सुरू करायचं ठरवलं आहे. नाव म्हणूनही पंगत उत्तम. एकाच ओळीत सगळे बसलेले, लहानमोठा कुणी नाही. अडचण एवढीच की खाणावळी आणि केटरिंगवाल्यांनी हा शब्द फार वापरला आहे. फोन येईल तो शंभर पानांच्या ऑर्डरचा.

इथून आम्ही ताराबाईंच्या वाटेने विचार करायला लागलो. गुण नको, जागा शोधू. पाहुणा पहिल्यांदा कुठे येतो? चपला कुठे काढतो? पाणी कुठे मिळतं? भाचीने बसल्या जागी हात टेकला आणि म्हणाली, “मावशी, ओटला.” मराठी घराला ओटला, गुजराती घराला ओटलो. ओटल्यावर कुणीही बसू शकतं, घरात शिरायला अजून अवकाश असतो, आणि माणसाची पारख तिथेच होते. येणाऱ्याला बसायला सांगणं, विचारपूस करणं, निरोप देताना दोन पावलं पुढे जाणं, सगळं तिथलंच. गुजरातीत ‘ओटला परिषद’ म्हणजे रिकामटेकड्या गप्पा, हे शेजारच्या बेननी सांगितलं. विचार केला आणि ठेवलं. गप्पा मारता येणं हाही तिच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे.

नाव सापडलं असं वाटलं की लगेच पेंटरकडे धावू नका. ते जिभेवर टाकून बघा. वाणगाव स्टेशनावर शेअर रिक्षावाल्याला सांगा की मला अमुक ठिकाणी सोड. त्याने दोनदा ‘काय?’ विचारलं तर नाव जड आहे. समुद्राचा वारा चालू असताना फोनवर सांगा. सात-आठ वर्षांच्या मुलाकडून वाचून घ्या. ज्याला मराठी येत नाही अशा माणसाकडून रोमन अक्षरांत लिहवून घ्या, कारण गूगलवर लोक तसंच शोधणार. शिष्टाचारचं रोमन स्पेलिंग आम्ही पाच जणांकडून लिहवून घेतलं, तीन निराळी आली. ‘वळण’मधल्या ळ आणि ण या दोन्ही अक्षरांचं रोमनमध्ये काय करायचं हे कुणालाच ठरवता आलं नाही. ओटला मात्र सगळ्यांनी बहुतेक सारखं लिहिलं.

गावाचं नाव जोडायचा मोह होतो. चिंचणी नावाची गावं सांगली जिल्ह्यात आहेत, पुणे जिल्ह्यात आहेत. शोधणारा भलतीकडे पोचेल. आणि उद्या बोईसरला दुसरी शाखा निघाली तर नाव आड येईल. गाव पत्त्यात लिहा, ते तिथे शोभतं.

आता कागदपत्रांचं. हे कंटाळवाणं वाटतं, पण इथली चूक सर्वांत महाग पडते.

पहिलं, कोणते शब्द वापरता येत नाहीत. ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेला नावात लावता येत नाही, १९५६ चा विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा ते मनाई करतो. १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांविषयीचा कायदा छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू यांची नावं धंद्यासाठी वापरायला मनाई करतो, आणि सरकारचा आश्रय आहे असं भासवणारं नावही चालत नाही. ‘शाळा’ हा शब्द मला प्रिय आहे, पण वर्गाच्या नावात तो टाळा. पालकांना ती मान्यताप्राप्त शाळा वाटते आणि नंतर दाखल्याची मागणी होते.

दुसरं, पाटी मराठीतच हवी. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि कामगार कितीही कमी असले तरी नामफलक देवनागरी मराठीत असणं सक्तीचं झालं. दुसऱ्या भाषेतली अक्षरं असू शकतात, पण मराठी अक्षरं त्यांच्यापेक्षा लहान असून चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ साली हा नियम पाळायला मुदत घालून दिली होती. म्हणून नाव देवनागरीतच जन्माला आलेलं बरं. इंग्रजी नाव नंतर देवनागरीत लिहिलं की ‘एटिकेट’चं एटीकेट, इटिकेट असं काहीही होतं. कामाला मोजकीच माणसं असतील तर या कायद्याखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना देऊन तिची पावती घ्यायची असते. लोक तिलाच गुमास्ता म्हणतात.

तिसरं, ही पावती आणि उद्यम नोंदणी या दोन्हींवर नाव अक्षरशः एकसारखं लिहा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. एकट्याच्या मालकीच्या धंद्याचं चालू खातं उघडताना बँक साधारणपणे धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागते. एकीकडे ‘ओटला’ आणि दुसरीकडे ‘ओटला क्लासेस’ असं असेल तर खेपा सुरू होतात. माझ्या ओळखीच्या एका शिवणवर्गाच्या बाई एका जोडशब्दापायी तीनदा बँकेत गेल्या.

चौथं, ट्रेडमार्क. शिक्षण आणि प्रशिक्षण ४१ व्या वर्गात येतं. सरकारच्या संकेतस्थळावर आधी शोध घेता येतो, त्याला पैसे लागत नाहीत. मिळतेजुळते उच्चारही शोधा, फक्त स्पेलिंग नको. ऑनलाइन अर्जाची फी एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला दर वर्गामागे ४,५०० रुपये आहे. नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं की चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण करता येतं. नोंदणी होण्याआधी नावापुढे वर्तुळातलं आर लावणं गुन्हा आहे, टीएम लावायला मात्र हरकत नाही. आणि इथे ताराबाईंची वाट पुन्हा कामाला येते. माल किंवा सेवा कशी आहे तेवढंच सांगणारे शब्द, म्हणजे शिष्टाचार, उत्तम वर्तन, सभ्यता वर्ग, यांवर कायदा सहसा कुणा एकाला हक्क देत नाही, कारण ते सगळ्यांचे शब्द आहेत. घराच्या पुढच्या बाजूला बसायची जागा असा अर्थ असलेला शब्द शिकवणीसाठी वापरलात तर तो तुमचा म्हणून मागता येतो.

हे सगळं करायला आम्हाला तीन आठवडे लागले. पेंटरला मजकूर दिला आहे. वर मोठ्या अक्षरांत ‘ओटला’. खाली मध्यम अक्षरांत ‘बोलण्या-वागण्याचा सराव’. त्याखाली ‘मुलाखत, फोन, पाहुणचार, जेवणाचं टेबल’. सर्वांत खाली लहान रोमन अक्षरांत नाव आणि फोन नंबर. ‘शिकवणी’ऐवजी ‘सराव’ हा शब्द भाचीने घातला. सरावाला जे जातात त्यांना थोडंफार आधीच येत असतं, असं तिचं म्हणणं.

तुमची यादी तयार असेल तर वकिलाकडे आणि पेंटरकडे नेण्याआधी ती उद्या सकाळी दारावर येणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. मासळीवाली असो, दूधवाला असो, ज्याची मुलं तुमच्या वर्गात यावीत असं तुम्हाला मनापासून वाटतं त्याला. ऐकताना त्याचा हात थांबला तर ते नाव खोडा.